बोर्डावरचा ४१२ नंबर

२००५ च्या हिवाळ्यात मी जर्मनीत होतो, अमेरिकी लष्कराच्या एका ब्रिज कंपनीत. हुद्दा स्पेशालिस्ट. काम एकच: ऱ्हाईनवर तरंगता पूल बांधायचा, सोडवायचा आणि पुन्हा बांधायचा. फौज सोडल्यावर मी इथेच कोलोनला राहिलो. गणपतीच्या कार्यक्रमात अजूनही कुणीतरी विचारतंच, "अहो मोघे, मराठी माणूस अमेरिकेच्या फौजेत कसा?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आज सांगतो. त्यासाठी आधी माझं गाव सांगावं लागेल.

ओहायो नदीच्या काठी कार्व्हर्स लँडिंग. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पोलादी पाइपांची मिल. गाव मिलच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. स्लोव्हाक, इटालियन, अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं, आणि आमचं एक मोघ्यांचं घर. बाबा सांगलीचे, मिलच्या लॅबमध्ये पोलाद तपासायचे. पोह्यांवर घालायला कोथिंबीर मिळत नाही म्हणून आई हळहळायची, तर शेजारच्या मिसेस कोव्हॅक परसातली, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली आणून द्यायच्या. त्यांचा डॅनी माझ्याच वयाचा.

मिलच्या गेटवर खिळे ठोकलेला एक लाकडी बोर्ड होता. प्रत्येक कामगाराला नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत जाताना तो खिळ्याला लावायचा, बाहेर पडताना स्वतःच्या हाताने काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. शिफ्ट सुटल्यावर एक जरी बिल्ला राहिला तरी फोरमन शोधायला परत आत जायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा. हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

नदीकाठी एक भिंत होती. मिलमध्ये मेलेल्यांची आणि युद्धात मेलेल्यांची नावं त्या एकाच भिंतीवर, एकाखाली एक. दोघंही कामावर गेले आणि परत आले नाहीत, मग वेगळं कशाला लिहायचं, असं गावाचं साधं म्हणणं. मला ते तेव्हाही पटायचं, आजही पटतं.

मग मिल बंद झाली. गेटवर एक कागद चिकटवला, बस्स! तीन पिढ्या त्या भट्टीपुढे भाजून निघाल्या, त्यांच्यासमोर उभं राहून दोन शब्द बोलायची मालकांची हिंमत झाली नाही. बाबा पुढे कित्येक महिने पहाटे उठून भोंग्याची वाट बघत बसायचे. आम्ही मोठे झालो तेव्हा गावात काम उरलं नव्हतं. डॅनी भरती झाला. त्याच्या मागोमाग मी. लोकांना वाटतं देशप्रेम. देशप्रेम नंतर आलं हो, आधी काम हवं होतं.

डॅनीकडे त्याच्या वडिलांचा बिल्ला होता, नंबर ४१२. माझ्याकडे बाबांचा, ९६. जर्मनीत आल्यावर डॅनीने एका फळीला खिळे ठोकले आणि पुलावर जाताना आम्ही दोघं आपापला बिल्ला लावू लागलो. तुकडीतल्या पोरांनी आधी खिदळून घेतलं. आमचे प्लाटून सार्जंट प्रुइट हसले नाहीत. "हे माझ्या हजेरीच्या यादीपेक्षा बरं आहे," म्हणाले, आणि सगळ्या प्लाटूनला नंबर घातलेल्या चकत्या दिल्या. नियम केला: बोर्ड रिकामा होईपर्यंत सेफ्टी बोट, म्हणजे पाण्यात पडलेल्याला उचलायला थांबलेली बोट, पाणी सोडणार नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. नदी फुगलेली, वारा बोचरा. सकाळी ०७०० ला काम सुरू झालं, १२१५ ला पूल सोडवायला घेतला. शेवटच्या भागावर डॅनी आणि मी होतो.

"मोघे, तू हो पुढे," डॅनी म्हणाला. "प्रवाहाच्या वरच्या अंगाचा एक दोर सोडायचा राहिलाय. पाच मिनिटं."

मी वर आलो. बोटं गारठून लाकडं झाली होती. बोर्ड काठावर, चढाच्या टोकाला, आणि ट्रक खाली. मी माझा बिल्ला काढला. शेजारी ४१२ होता. म्हटलं, हा आलाच मागोमाग, एवढ्यासाठी पुन्हा चढ कशाला चढायला लावायचा? आणि मी तो काढून खिशात टाकला.

मी! कार्व्हर्स लँडिंगच्या पोराने!

१४३२ ला सार्जंट प्रुइटनी बोर्ड पाहिला.

"सेफ्टी बोट, बोर्ड क्लिअर. बाहेर या."

"रॉजर. बाहेर येतोय."

मी ट्रकमागे पट्टे गुंडाळत होतो. बोटीचं इंजिन थांबल्याचं ऐकलं, आणि डॅनी अजून आला नव्हता. धावत सुटलो. नदीच्या अर्ध्या वाटेवर असताना ओरडा आला, "मॅन इन द वॉटर!" बोट तोवर ट्रेलरवर चढली होती. ती पुन्हा पाण्यात उतरायला १४४९ झाले. डॅनी १६०५ ला सापडला, दोन वळणं खाली. अंगात लाइफ जॅकेट होतं. फेब्रुवारीतल्या ऱ्हाईनपुढे जॅकेट काय करणार?

चौकशी झाली. रिपोर्टात आलं: जवानाने काम संपण्याआधी स्वतःचा बिल्ला काढला. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तो बिल्ला माझ्या खिशात होता, आणि मी तोंड शिवून बसलो.

एप्रिलमध्ये रजेवर गावी गेलो. शनिवारी दुपारी फायर हॉलमध्ये, गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात, भिंतीबद्दल सभा होती. भिंतीच्या कमिटीचा अध्यक्ष हॉलिस, घरं-जमिनी विकणारा. नदीकाठी त्याला बाग करायची होती, म्हणून भिंतही 'नीटनेटकी' हवी होती. मिलवाल्यांची नावं काढून मागे एका पाटीवर टाकायची. भिंत फक्त लढाईत पडलेल्यांची.

"आणि कोव्हॅकचं म्हणाल," तो हातातला कागद हलवत म्हणाला, "तर तो ट्रेनिंगमध्ये गेला. शिवाय, वाईट वाटतं, पण स्वतःच्या निष्काळजीपणाने. रिपोर्टात आहे."

मिसेस कोव्हॅक पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कोटाची सगळी बटणं लावून. त्यांनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! ज्या माणसाने जन्मात कधी बिल्ला खिळ्याला लावला नाही, तो उठून डॅनी कोव्हॅकला निष्काळजी म्हणतो! आणि त्याला ते म्हणायची सोय कुणी करून दिली? मीच.

मी उठलो. "मिस्टर हॉलिस, रिपोर्ट खोटा आहे." खिशातून ४१२ काढून टेबलावर ठेवला. "हा डॅनीने काढला नाही. मी काढला."

हॉलमधले निम्मे लोक मिलमधले होते. त्यांना पुढचं काही समजावावं लागलं नाही.

मिसेस कोव्हॅकनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"हो."

"का?"

"त्याला चढ चढावा लागू नये म्हणून."

त्या उठल्या, बिल्ला उचलला आणि हॉलिसकडे वळल्या. "ऐकलंत? माझ्या मुलाने नियम मोडला नाही. नाव कोरा. आणि त्याच्या वडिलांबरोबर काम केलेल्या एकाही माणसाचं नाव तिथून हलता कामा नये."

मागच्या रांगेतले म्हातारे एकेक करून उभे राहिले. हॉलिसने कागद घडी करून खिशात घातला.

जर्मनीत परतल्यावर सार्जंट प्रुइटना सगळं लेखी दिलं. माझा हुद्दा उतरवला. उतरवायलाच हवा होता. मिसेस कोव्हॅक माझ्याशी पुढे चार वर्षं बोलल्या नाहीत. त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

डॅनीचं नाव आता भिंतीवर आहे, मिलच्या शेवटच्या माणसाच्या खाली. गेटवरचा जुना बोर्ड फायर हॉलमध्ये आणून लावलाय. त्यावर एकच बिल्ला असतो, ४१२. त्याच्या आईने स्वतःच्या हाताने लावला. मी गावी गेलो की शेजारच्या खिळ्याला ९६ लावतो आणि थोडा वेळ तिथे बसतो. निघताना ९६ काढून घेतो. ४१२ ला हात लावत नाही.