मोहाखालचा ईस्टर

बाळांनो, आज ईस्टरच्या पहाटे खिडकीतून मोहफुलांचा गोड वास आला आणि मला अहेरीजवळच्या आपल्या याच गावातला एक जुना ईस्टर आठवला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नागपूरला ऑफिसात नोकरी मिळत होती, पण जावं की नाही ते ठरत नव्हतं.

त्या ईस्टरला चर्च रिकामं होतं, कारण सगळे मोहफुलं वेचायला गेले होते. माझे बाबा इथले पाद्री होते. ते हसून म्हणाले, "चल, आपणच त्यांच्याकडे जाऊ."

मोहाच्या झाडाखाली, फुलं वेचणाऱ्या बायकांसमोर मी बायबलातलं शुभवर्तमान वाचलं. मरणातून उठलेल्या प्रभूनं कबरेपाशी रडणाऱ्या मरियेला, आपल्या शिष्येला, नावानं हाक मारली, तिथे त्यांच्यातल्या चिन्नीबाईचे वेचणारे हात थांबले.

"बाईले? नाव घेऊन?"

"हो."

"मंग पुन्हा वाच नं, पोरी. अन् उद्या बी येजो. फुलं काई आजच सरत नाई!"

"येईन," मी म्हणाले. तेव्हा वाटलं, एका दिवसाचाच शब्द दिला. पण नागपूरला मी गेलेच नाही; याच गावात मी शाळा काढली, लग्न केलं आणि आनंदानं म्हातारी झाले.