सासरवाडीच्या गल्लीत वीस व्होल्ट

विज्ञानशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी लातूरहून नांदेडला वीज मोजण्याचे मल्टीमीटर घेऊन गेलो, त्याला कारण माझे धाकटे साडू. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्यांची जीप सर्वांत पुढे असते. गेल्या वर्षी तिचा स्पीकर नेमका सासूबाईंच्या दारासमोर जळाला. आवाज गेला आणि धूर राहिला. यंदाही तसेच झाले तर पुढचा मान दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला, असे मंडळाने बजावले होते.

साडूंच्या मते स्पीकरच कच्चा होता. माझ्या मते दोष अॅम्प्लिफायरवरच्या ‘गेन’ नावाच्या बटणाचा होता. ते बटण साडू नेहमी शेवटपर्यंत पिळून ठेवीत. वास्तविक येणारा संकेत किती पटीने वाढवायचा, एवढेच ते बटण ठरवते. मर्यादेपलीकडे वाढवल्यास लहरींचे माथे छाटले जातात, सूर फाटतो आणि स्पीकर तापतो.

मर्यादा मोजण्याची रीत सोपी आहे. स्पीकरची क्षमता शंभर वॅट, त्याचा रोध चार ओहम; त्यांचा गुणाकार चारशे. त्याचे वर्गमूळ वीस, म्हणजे मर्यादा वीस व्होल्ट. स्पीकरच्या तारा सोडवायच्या, टेपवर एक सलग सूर लावायचा, तारांच्या जागी मीटर एसी व्होल्टवर लावायचे आणि वीस व्होल्ट दिसेपर्यंत गेन सावकाश फिरवायचा.

एक गोष्ट मात्र मी ध्यानात घेतली नव्हती. तारा सोडवल्यावर काहीच ऐकू येत नाही. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी आम्ही सासूबाईंच्या दारात ही मोजणी मांडली, तेव्हा दोन जावई एका मुक्या जीपवर वाकलेले पाहून गल्ली गोळा झाली. एका शेजाऱ्याने स्पीकरला कान लावून खेदाने मान हलवली. सासूबाई बाहेर आल्या.

“जावईबापू, औंदा घरूनच जाळून आणला व्हय?”

साडूंचा चेहरा उतरला. तारा आत्ताच्या आत्ता जोडा, असे ते मला विनवू लागले. मी नकार दिला. मीटर अठरावर होते. “दाब...” मी म्हणालो. “वाढतोय, थांबा” हे पुढचे शब्द ओठांवर येण्याआधीच साडूंनी टेपचे एक बटण दाबले. ते बास, म्हणजे खर्जाचा जोर, वाढवण्याचे होते. मीटर एकतीसवर उडाले.

“हे काय केलंत?”

“दाजी, तुम्हीच म्हणाले, दाब. कधी नव्हे ते एकेरीत बोलले, म्हणलं घाईच असंल.”

वर्गात मी विद्यार्थ्यांकडून विजेच्या दाबासाठी ‘विभवांतर’ हा शब्द घोकून घेत असे. तो किती निरुपद्रवी आहे, हे मला त्या दिवशी कळले. बास बंद करून आम्ही पुन्हा मोजले आणि वीसवर थांबलो.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक त्या गल्लीत शिरली. वाढवा, वाढवा, असा पोरांचा गलका झाला. साडूंचा हात गेनकडे गेला, क्षणभर तिथेच राहिला आणि मागे आला. सासूबाईंनी हात वर करून जीप थांबवली. मंडळाचे अध्यक्ष धास्तावून पुढे धावले.

“हेच गाणं पुन्हा लावा,” त्या साडूंना म्हणाल्या. “आज बोल समजून राहिले.”

अध्यक्षांनी तिथेच पुढच्या वर्षीचा मान जीपला देऊन टाकला. साडूंची छाती फुगली. मीही मीटर हातात धरून कौतुकाच्या अपेक्षेने उभा होतो. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जरा बाजूला सरका. स्पीकर झाकून राहिले.”