सक्शनला डिलिव्हरीचा पाईप

डिलिव्हरी हा शब्द आमच्याकडे दोनच ठिकाणी ऐकू यायचा, विहिरीवर आणि दवाखान्यात. बाकी सगळीकडे बाळंतपणच. झरीला माझ्या वडिलांच्या मळ्यात मोटरीला दोन पाईप होते. विहिरीतलं पाणी ओढून घेणारा तो सक्शन आणि ओढलेलं पाणी पुढे ढकलणारा तो डिलिव्हरी. सक्शन कडक, आत तारेची गुंडाळी, पाय दिला तरी दबत नाही. डिलिव्हरी मऊ, मोटर बंद केली की चपटा होऊन बांधावर पडून राहायचा आणि आम्ही बहिणी त्याच्यावरून उड्या मारायचो. हे मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याचा मला पुढे कधी उपयोग होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

माझं सासर जिंतूरच्या बाजूला. मालकांनी लग्नानंतर एक जुनी डिझेल जीप घेतली आणि जिंतूर-परभणी रोडवर शिटा भरायला लागले. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी कशाकशावर, ते विचारायचं नसतं. जीप असा काळा धूर सोडायची की मागून येणारा सायकलवाला उतरून तोंड पुसत उभा राहायचा. धाब्यावरचे लोक मालकांना म्हणायचे, तुमी आलाव ते जिंतूरहूनच दिसतंय. मालक मात्र ते हसण्यावारी न्यायचे नाहीत. जीपला नाव ठेवलेलं त्यांना लागायचं. मला ठेवलेलं चालायचं.

माझं पोट आधी दोनदा राहून पडलं होतं. तिसऱ्या वेळी सातवा लागला तेव्हा डॉक्टरनी बजावलं की हे बाळंतपण घरी करायचं नाही, परभणीच्या मोठ्या दवाखान्यातच करायचं. म्हणून असं ठरलं की नववा लागला की मी माहेरी झरीला जायचं. तिथून परभणी जवळ. कळा सुरू झाल्या तरी वेळेत पोचता येईल एवढाच त्यातला हिशेब होता.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार अशा बातम्या होत्या, ती थंडी. वातावरण तापलेलं, आज बंद, उद्या दगडफेक, एसटी कधी सुटायची आणि कधी डेपोतच उभी राहायची. तरी माझे वडील गाड्या चालू असलेला दिवस बघून एसटीनं मला न्यायला आले. मी पिशवी भरून तयार होते. मालक म्हणाले, चार दिवस थांबा, जीपचं काम निघालंय, ते झालं की मीच माझ्या गाडीतून दारात आणून सोडतो. सासऱ्याच्या गल्लीत काळा धूर सोडत जायचं नव्हतं त्यांना. जावयाच्या शब्दापुढे वडील काय बोलणार. चहा पिऊन, माझ्या डोक्यावर हात ठेवून ते परतीच्या एसटीनं गेले. त्या गाडीत जागा होती, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं. एकदाच नाही, पुष्कळदा सांगितलं.

काम काय, तर एअर क्लीनर. इंजनात जाणारी हवा गाळायचा डबा. जीपचा मूळचा फुटला होता आणि रस्त्यावरची सगळी माती इंजनाच्या पोटात जायची. कुणीतरी डोक्यात भरवलं की ट्रॅक्टरचा मोठा डबा बसवा, हवा जास्त, ओढ जास्त, धूर बंद. मालकांनी परभणीच्या भंगारातून तो डबा आणला. तो जुन्या जागी मावेना. मग पट्टी ठोकून बॅटरीच्या बाजूला बसवला. तेव्हा कळलं की डब्यापासून इंजनापर्यंत जाणारा रबरी पाईप वीतभर कमी पडतोय.

वीतभर. त्या वीतभरासाठी दोन आठवडे गेले. जिंतूरला मिळेना, बंदमुळे परभणीला जायची सोय नाही. शेवटी एके दिवशी संध्याकाळी मालक खुशीत घरी आले आणि मला बॉनेट उघडून दाखवलं. पाईप वाढवला होता. मध्ये तुकडा, दोन्ही सांध्यांना क्लिपा, वरून काळी टेप झकास गुंडाळलेली. गावातून एक चक्कर मारून आणली, धूर नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. उद्या निघायचं ठरलं.

कळा त्याच पहाटे सुरू झाल्या.

बंदच होता, एसटीचा प्रश्नच नव्हता. जीपमध्ये मागे वाकळ अंथरून मला निजवलं, उशाला आत्याबाई बसल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. सपाटीवर गाडी छान पळाली. आत्याबाई म्हणाल्या, घंटाभरात पोचतो बग. झरीच्या अलीकडे ओढा आहे आणि ओढ्यापुढे चढ. चढाला लागल्यावर इंजन घुसमटल्यासारखं झालं, मागून काळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली.

मालकांनी बॉनेट उघडलं. म्हणाले, डिझेलमध्ये एअर धरली. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजन बंद पडतं, हे सगळ्या ड्रायव्हरांना पाठ असतं. त्यांनी नट ढिला केला, हातपंप मारून हवा काढली. गाडी लगेच सुरू झाली. अर्ध्या चढावर पुन्हा धूर, पुन्हा बंद. गाडी उताराला सोडून पायथ्याशी आणायची, हवा काढायची, पुन्हा चढायचं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, मला दुसरं मोजायला होतं. ऊन वर आलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत्याबाई देवाचं नाव घेता घेता लेकाला शिव्या द्यायला लागल्या.

मला पडवेना, म्हणून मी खाली उतरले आणि मडगार्डला धरून उभी राहिले. मालक पलीकडच्या बाजूला पंपावर वाकलेले. त्यांनी हातानंच रेस ओढली, इंजन गरजलं, आणि माझ्या नाकासमोर तो टेपेच्या मधला तुकडा चपटा झाला. रेस सोडली, पुन्हा गोल. ओढली, चपटा. बांधावर मोटर बंद केल्यावर व्हायचा, अगदी तसा. इंजनाला हवा मिळत नव्हती आणि आमचे मालक हवा काढत बसले होते.

मी विचारलं, "आवं, ह्यो तुकडा कशाचा हाय?"

"डिलिव्हरीचा. आपल्याच हिरीवरला. का?"

"इथं वढायचं काम हाय. सक्शनला डिलिव्हरीचा पाईप लावलाव तुमी."

त्यांनी सक्शन का नाही कापला, तेही मला माहीत होतं. गव्हाचं पाणी चालू होतं. सक्शन कापला तर मोटर पाणी ओढत नाही, डिलिव्हरी वीतभर कापला तर कुणाचं काही बिघडत नाही. शेतकऱ्याचा विचार म्हणून तो बरोबरच होता. रोज त्या दोन पाईपांमध्ये उभा राहणारा माणूस, पण पाणी दिसतं तिथंच त्याला ओढणं-ढकलणं दिसत होतं. हवा दिसत नाही.

मालकांनी टेप सोडली, क्लिपा ढिल्या केल्या. सीटखालची हातात धरायची उजेडाची बॅटरी काढली, स्टीलची, लांब, तिचा पुढचा काचेचा भाग आणि मागचं झाकण फिरवून काढलं, सेल रस्त्यावर टाकले. उरली ती पोकळ नळी. ती त्यांनी त्या मऊ तुकड्यात घातली आणि वरून तारेनं आवळली. आता रबर दबलं तरी आतून वाट मोकळी. पाच-दहा मिनिटांचं काम. जीप तो चढ अशी चढली की जणू चढ नव्हताच.

झरीतून गेलो तेव्हा मला जीपच्या मागून माझ्या वडिलांची गल्ली दिसली. थांबलो नाही. तोपर्यंत पोटातली हालचाल मंदावली होती, मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, गाडी तर पळतच होती.

मुलगी होती. डोक्यावर भरपूर काळे केस होते. रडली नाही. नर्सबाई चांगली होती, ओरडली नाही, हात पुसत दारात उभ्या मालकांना म्हणाली, "बाळाला हवा कमी पडली. घंटाभर आधी आणायला पायजे होतं." मालकांच्या हाताला डिझेलचा वास येत होता, तो मला खाटेपर्यंत येत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मला त्यांचा राग नव्हता आला. काहीच आलं नव्हतं.

घरी आणल्यावर माझं दूध उतरलं. आत्याबाईंनी छातीला लुगड्याची पट्टी घट्ट आवळून बांधली, तरी चोळी भिजायची. मी आतल्या खोलीत पडून असायचे. जीप मात्र झकास चालायला लागली होती, धुराचं नाव नाही. आठवड्याच्या आत बाजूच्या गावचा एक जीपवाला ते काम बघायला आला. अंगणात बॉनेट उघडलं गेलं. मालक त्याला समजावून सांगत होते, शांतपणे, माझेच शब्द. इथं वढायचं काम हाय, इथं मऊ पाईप चालत न्हाई, आतून कडक काहीतरी पायजे. तो माणूस लय खूश झाला. म्हणाला, डोकं लावलंत राव तुमी, हे कळलं कसं तुमाला?

बाहेर पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "कळलं. पर तवर डिलिव्हरीला उशीर झाला व्हता."

त्या माणसाला वाटलं पाईपाचंच काही सांगतायत. तो हो हो म्हणाला आणि सांधा मोजायला वाकला. मी उठून आतलं दार लोटून घेतलं.