न घेतलेली शपथ

आमचे हे देव मानत नव्हते. लग्नाआधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि लग्नानंतर त्यांनीही कधी समोर बसवून सांगितलं नाही. माझे देव मी कोपऱ्यात तिवईवर मांडले होते. फुलं संपली की कचेरीतून येताना भाजीबरोबर तेच घेऊन यायचे. "हात जोडायला मात्र मला बोलावू नकोस," एवढंच एकदा म्हणाले. एखाद्याला कारलं आवडत नाही, तसं काहीतरी असेल असं मी धरून चालले. पन्नास सालानंतरच्या त्या तीन-चार वर्षांत त्यावरून आमच्यात एकदाही शब्दाला शब्द झाला नाही.

घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती. बैठी, कौलारू, वीसेक खोल्यांची. बहुतेक सगळे कोकणातले, गिरणीत जाणारे. हे एका कचेरीत कारकून. अंगणात जांभळाचं झाड होतं, त्याखाली शेंदूर लावलेला एक दगड आणि वर पत्र्याचं छप्पर. ती चाळीची देवी. तिचं सगळं करायचे ते एक म्हातारे गृहस्थ. गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम; आता घरीच असत. सगळे त्यांना बाबा म्हणत. चाळीतली भांडणं त्या दगडासमोर मिटायची. नवरा-बायकोचं असो, वाटेतल्या सांडपाण्याचं असो, बाबा नारळावर हात ठेवायला लावत आणि तिथे जे बोललं जाईल ते खरं. खोटं बोलण्याची कुणाची छाती नव्हती. मला तर त्याचा आधारच वाटायचा.

त्या वर्षी पालिकेची निवडणूक आली. आमच्या भागात उभ्या राहिलेल्या एकानं चाळीला नळ आणून देईन असं सांगितलं होतं. आम्ही विहिरीवरून पाणी आणत होतो आणि उन्हाळ्यात तळाचा गाळ वर यायचा, म्हणून नळाचं नाव काढलं की बायकांचे कान टवकारायचे. एका रविवारी सकाळी तो माणूस आला. देवीला साडी नेसवली, नारळ फोडला. मग बाबांनी दुसरा नारळ देवीपुढे ठेवला आणि एकेका खोलीला बोलावलं. मत यालाच देईन, असं नारळावर हात ठेवून म्हणायचं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक विणकर आणि त्याची बायको राहत. वयानं आमच्यापेक्षा लहान. तो यांना भाऊ म्हणायचा, मला वहिनी. त्याची बायको पहिल्यांदाच गरोदर होती. ते दोघं आमच्या आधी गेले, हात ठेवून आले. मग आमची पाळी आली. मी हात ठेवला. हे पुढे गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"मत मी यांनाच देणार आहे, बाबा," ते म्हणाले. "नळ मलाही हवाय. पण शपथ घेणार नाही."

"कित्याक?"

"मी मानत नाही, म्हणून. न मानता हात ठेवला तर तुम्हालाच फसवल्यासारखं होईल."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी मानू नकात. ती तुमका मानता की नाय, ता बगूया."

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, नुसता हात तर ठेवायचा होता. काय गेलं असतं?"

"तुझ्यासाठी ती शपथ होती. माझ्यासाठी नुसता नारळ. मग सगळ्यांसमोर नाटक कशाला करू?"

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं बरोबर गेलो. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की मत नळवाल्यालाच दिलं. मी विचारलं नव्हतं. तरी त्यांना ते मला सांगावंसं वाटलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांच्याही मनात काहीतरी डाचत होतं.

तो माणूस पडला. अगदी थोडक्या मतांनी पडला, आणि आमच्याच चाळीची मतं जिथे पडली त्या शाळेच्या केंद्रावर मागे पडला. संध्याकाळपर्यंत चाळीत सगळ्यांना ठाऊक झालं. मी विहिरीवर गेले तर तिथल्या बायका गप्प झाल्या, आणि माझी घागर भरेपर्यंत गप्पच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. "कोणीतरी शब्द मोडल्यान," ते म्हणाले. "तेका देवी सोडूची नाय. तेच्यापायी आमका कोणाक काय झाला, तर ता तेच्या डोक्यार." त्यांनी नाव घेतलं नाही. पण माणसं आमच्या दाराकडे बघत होती.

यांनी मला घरात समजावलं, एका माणसाच्या मतानं तो पडलेला नाही, शपथ घेतलेल्यांपैकी बरेच फुटलेत, साधी बेरीज आहे. ती बेरीज करायची मात्र कुणाची तयारी नव्हती. शपथ घेतलेला माणूस खोटं बोलला असेल, असं एकदा मानलं असतं तर चाळीत कुणावरच भरवसा राहिला नसता. न घेतलेला माणूस समोर होता, तो सोपा होता.

मग जे काही होईल त्याचं कारण आम्ही झालो. विहिरीचा दोर तुटला, आम्ही. कुणाच्या पोराच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, आम्ही. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी प्रत्येक दारात गेली, माझं दार वगळून. एका सकाळी उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू होतं. यांनी ते उचलून लांब फेकलं आणि कचेरीला गेले. मी दिवसभर आमच्या मुलीला बाहेर सोडलं नाही. ती चार वर्षांची होती. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "आई, आपल्या घरात पाप आहे का गं?" आदल्या दिवशी बाहेर कुणाकडून तरी ऐकून आली होती. मी यांना न सांगता देवीला खणानारळाचा नवस बोलले. आमच्या पोरीला काही करू नकोस, म्हटलं. ज्यानं केलं असेल त्याला कर.

पुढच्या रविवारी दुपारी, चाळ जेवून आडवी झालेली असताना, शेजारचा विणकर आमच्याकडे आला. दार आपणच ओढून घेतलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"भाऊ, मी दुसऱ्याला मत दिलं," तो शेवटी म्हणाला. "माझ्या भावाला पालिकेत चिकटवतो म्हणाला होता तो."

यांनी हातातल्या पेपरची घडी घालून बाजूला ठेवला.

"तुम्हीच एक असे आहात की ज्यांना विचारता येईल. तुम्ही मानत नाही. मला खरं सांगा, तिला काही होणार नाही ना? सातवा सरलाय."

"शपथेमुळे काही होणार नाही," हे म्हणाले. "बाळंतपणात होऊ शकतं, ते कुणालाही होऊ शकतं. तिचं नाव इस्पितळात घाल."

"बाबा नको म्हणतात. सुईण आहे म्हणतात."

"मग बाबांचं ऐकू नकोस."

तो उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "भाऊ, हे कुणाला..."

"नाही सांगणार."

"वहिनी?"

मी मान हलवली. तो गेल्यावर मात्र मी यांच्यावर चिडले. आपल्या दारात लिंबं पडतायत आणि ज्यानं केलं तो भिंतीपलीकडे झोपतोय. उद्याच सगळ्यांना सांगा, म्हटलं. हे म्हणाले, "त्यानं विश्वासानं सांगितलंय. आणि सांगून काय होईल? त्याच्या दारात लिंबं पडतील. तिच्या पोटात मूल आहे." मला आपला नवस आठवला. ज्यानं केलं असेल त्याला कर, असं मी म्हटलं होतं. तेव्हापासून भिंतीपलीकडे ती बाई नुसती खोकली तरी मी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायची.

दीड महिन्यानं एक दिवस विणकराची बायको पहाटेपासून अडली. नऊ वाजता सुईण घाम पुसत बाहेर आली, मूल आडवं आहे म्हणाली. बाबांनी बाईला अंगणात देवीसमोर आणून निजवायला सांगितलं. गोधडीवर घालून चौघींनी तिला आणलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. सुट्टीचा दिवस, सगळी चाळ गोळा झालेली.

"हिला इस्पितळात न्या," हे म्हणाले. "मी स्टेशनवरून गाडी आणतो."

कुणी वाट देईना. बाबांनी नारळ पुढे ठेवला. "जेणी शब्द मोडल्यान, तेणी हय येवन सांगूचा. तोपर्यंत ती सुटाची नाय. न्हेलास तर वाटेत मरतली."

विणकर खांबाला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, यांनीही बघितलं. तो खाली बघत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि बाकी सगळे आमच्याकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल. मीच ओरडून सांगावं असंही वाटलं. पण त्या दुपारी मान हलवून शब्द देऊन बसले होते, आणि ती बाई तिथेच पडून सगळं ऐकत होती.

हे पुढे झाले. त्यांनी चपला काढल्या. लग्न सोडलं तर त्यांना देवापुढे चपला काढताना मी कधी बघितलं नव्हतं. नारळावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मोडला शब्द. मत मी दुसऱ्याला दिलं. माझी चूक झाली."

"आणि?" बाबा म्हणाले.

"आणि मला क्षमा कर." हे दगडाला म्हणाले. मग बाबांकडे वळून, "आता तिला जाऊ द्या."

बाबांनी तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि बाजूला झाले. हे अनवाणीच स्टेशनकडे धावले. गाडी आली, मी तिच्याबरोबर गेले. दुपारी तिचं पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. डॉक्टरीणबाई मला बाहेर येऊन रागावल्या, आणखी तासभर उशीर केला असता तर दोघींची आशा नव्हती म्हणाल्या.

चाळीत परतले तर अंगणात आरती चालली होती. देवीनं गुन्हेगार पकडला होता आणि बाईला सोडलं होतं. आता शंकेला जागाच नव्हती. खुद्द आमच्याच माणसानं तोंडानं कबूल केलं होतं. हे खोलीत बिनदिव्याचे बसले होते. मी म्हटलं, "दोघी बऱ्या आहेत." त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळानं म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा खोटी शपथ घेतली, आणि ती सगळ्यांना खरी वाटली."

"एक जीव वाचला ना? दोन वाचले."

"हो. आणि यापुढे कुणी अडली की हे आधी गुन्हेगार शोधतील. गाडी नाही शोधणार."

तसंच झालं, आणि त्याला फार दिवस लागले नाहीत. चैत्रात तीन खोल्या पलीकडच्या मुलाला ताप भरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई, मामा आणि आणखी सात-आठ जण आमच्या दारात नारळ घेऊन उभे. पुन्हा काय केलंत, विचारायला. हे म्हणाले, मुलाला दवाखान्यात न्या. मामानं त्यांची गचांडी धरली. सदऱ्याची बटणं तुटून आत माझ्या पोळपाटापर्यंत आली. मी मुलीला घेऊन मोरीत कोंडून घेतलं. बाहेर विणकराचा आवाज ऐकू आला, "सोडा हो त्यांना, सोडा." एवढंच. दुसरं जे त्याला बोलता आलं असतं, ते तो तेव्हाही बोलला नाही.

त्या आठवड्यात आम्ही नाहूरच्या बाजूला एक खोली बघितली. आजूबाजूला मिठागरं आणि भातखाचरं, माणसं कमी. सामान हलवताना विणकराची बायको पोरीला घेऊन आली. तिनं पोरीला यांच्या पायावर घातलं. हे घाईनं मागे सरले, "असं नको करू," म्हणाले. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, मला ठाऊक आहे. मीच ह्यांना म्हटलं होतं, नोकरी देतोय त्याला मत द्या." मग तिनं चाळीकडे एकदा वळून बघितलं आणि पोरीला पदराखाली घेतलं. "ह्याच्यापुढे काय झालं तर कुणाच्या दारात येतील हो हे लोक?" मी तिला, इथून निघा, एवढंच म्हणू शकले. ते निघाले नाहीत. पुढे त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी चौकशीही केली नाही.

नाहूरला माझे देव मी पुन्हा मांडले. यांनीच भिंतीत फळी ठोकून दिली. बोललेला नवस मात्र मी फेडला नाही. भीती वाटायची, रोज वाटायची, पण ज्या तोंडानं मी ते मागितलं होतं त्या तोंडानं पुन्हा त्या दगडापुढे जाववेना. देव आहे की नाही ते मी तेव्हापासून ठरवायचं सोडून दिलं. यांना त्या नवसाबद्दल मी सांगितलं ते कितीतरी वर्षांनी. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी नारळावर हात ठेवला तेव्हा माझा हात कापत होता. माणसांमुळे कापत होता, असं मी स्वतःला सांगत आलोय." आणि उठून पाणी प्यायला आत गेले.