माळावरच्या यंत्राची बॅटरी

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याकडे फौजदार होतो. जवळच्या माळावर लहान सरकारी विमानांसाठी मुरमाची धावपट्टी होती आणि टिनाच्या खोलीत एक बिनतारी यंत्र. विमानातून आवाज आला की यंत्राचा काटा दिशा दाखवी, मग ऑपरेटर वैमानिकाला वाट सांगे. मोठ्या विमानतळावरच्या यंत्रापेक्षा फारच स्वस्त, म्हणून ते बसवणाऱ्या इंजिनिअरसाहेबांचं कोण कौतुक झालं!

वैशाखातल्या एका दुपारी धुळीच्या वादळात विमान वाट चुकलं आणि वावरात आदळलं. वैमानिकाचा पाय मोडला. तो वरून हाका मारत होता, खालून उत्तर नव्हतं. मी जाऊन पाहिलं तर यंत्राची बॅटरीच जागेवर नव्हती. इंजिनिअरने ऑपरेटरवर चोरीची फिर्याद दिली.

ऑपरेटर जवळच्या धाड गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. ठाण्यात बसवून त्याला आधी चहा पाजला, मग दरडावलं. तो एवढंच म्हणे, "सायेब, म्या इकली नाही." कुठे आहे, ते काही केल्या सांगेना. चोर फार बोलतो. असा गप्प बसणारा बहुधा दुसऱ्याला वाचवत असतो.

संध्याकाळी खबऱ्या आला. "धाडात वरात निंघाली हाय. बैलगाडीवर भोंगा वाजून राह्यला, अन् त्याले सरकारी शिक्क्याची बॅटरी लावली हाय."

आम्ही वरात थांबवली. भोंगेवाला हात जोडून म्हणाला, "चोरीची नाही सायेब. माळावर वीज नाही. वर्षभर मीच तिले फुकट चार्ज करून देतो. त्याच्या बदल्यात लग्नतिथीले भोंग्यासाठी घेतो. आज इमान येनार नव्हतं न!"

ते खरंच होतं. विमान न कळवता आलं होतं.

भोंगेवाल्याला ठाण्यात आणलं, तेव्हा ऑपरेटर बोलला. "चार्जिंगचं काय करू, असं इंजिनिअरसायबाले इचारलं होतं. ते म्हने, तुझं तू पाह्य. मंग यानं मदत केली. याचं नाव घेऊन याचं दुकान काऊन बुडवू?"

मी इंजिनिअरला विचारलं. "देखभाल ऑपरेटरची," ते म्हणाले आणि पान लावू लागले. असा संताप आला की काय सांगू! सगळी हकीकत मी तपासात मांडली, भोंगेवाल्याला साक्षीदार केलं. पण सरकारी माल बाहेर दिला होता, हे नाकारता येत नव्हतं. ऑपरेटरला सहा महिन्यांची सजा झाली, नोकरीही गेली.

कोर्टाबाहेर तो मला म्हणाला, "सायेब, यंत्र एक दिवस बंद राह्यलं, ते साऱ्यायनं पाह्यलं. वर्षभर चालू कोनं ठेवलं, हे कोनीच नाही इचारलं."

वरचे सोय करत नाहीत, खालचा कशीबशी करतो, आणि बिघडलं की तीच सोय गुन्हा ठरते. एवढं मी या प्रकरणातून शिकलो. पुढे इंजिनिअरसाहेबांना बढती मिळाली. ते यंत्र किती स्वस्तात बसवलं, हे ते सत्काराच्या भाषणात सांगत होते, आणि बंदोबस्ताला मी उभा होतो.