खिळ्यावरचे बिल्ले

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते तांडेलकाका सातवी नापास होते. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि माझी अक्कल ठिकाणावर आणली ती त्यांनी.

रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीत ते नोंदी ठेवायचे. आयुष्यभर बोट हाकून मग टेबलाशी आलेले. कोणी मधेच दुसरं काम काढलं की तळहात दाखवून म्हणायचे, "एक होडी लाव, मग दुसरी."

त्यांच्यामागे भिंतीवर खिळ्यांची रांग होती. बोट निघाली की तिचा पत्र्याचा बिल्ला खिळ्यावर लागायचा; परत आली की त्या बोटीचा तांडेल, म्हणजे ती हाकणारा, तो काढून न्यायचा. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणसं समुद्रात. ही पद्धत बंद करून संगणक आणायला आमच्या कंपनीने मला पाठवलं.

तुम्हीही असे प्रोग्रॅम पाहिले असतील. एका मोठ्या चौकटीत पिल्लांसारख्या खिडक्या; एक उघडली की दुसरीवर बसते, दुसरी तिसरीला झाकते. आमच्यात प्रत्येक बोटीची एक खिडकी, तिचं नाव वरच्या पट्टीत, मुंगीच्या अक्षरांत. वर एक मेनू असतो, हरवलेल्या खिडक्या शोधायला. आधी हरवायच्या, मग शोधायची सोय द्यायची! कंपनीतले आमचे सर याला ताकद म्हणायचे. "पंधरा खिडक्या एका वेळी!" हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. माझीही.

काकांनी पडदा पाहिला. "काय रे इंजिनेरा, ह्या खिडकीच्या पोटात आणखी खिडक्या कशाला?"

"सोय म्हणून, काका."

"कुणाची?"

मी हसलो. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं ते हसू होतं.

तिसऱ्या आठवड्यात वादळाचा इशारा आला. कोणत्या बोटी अजून बाहेर आहेत, हे सोसायटीने लगेच बंदर कचेरीला कळवायचं होतं. संगणकावर मीच बसलो. 'जयलक्ष्मी एक' धक्क्याला लागल्याचा निरोप आला आणि मी ऐटीत 'परत आली'चं बटण दाबलं. मग यादी वाचली; तीत 'जयलक्ष्मी एक' अजून दिसत होती, ती आत्ताच आली म्हणून मी वगळली. बाहेर तीन बोटी.

"चार," काका म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नव्हतं. "जयलक्ष्मी दोनचा बिल्ला खिळ्यावर हाय."

"काका, ती आलीय. इथे दिसतंय."

"कोणी बघितली?"

एकच्या खिडकीवर दोनची खिडकी बसली होती. दोन्ही हुबेहूब. मी दाबलेलं बटण दोनचं होतं.

"मेल्या, सहा माणसं दर्यात, नि तुझ्या यंत्रात ती घरी जेवतायत!"

त्यांनी स्वतः फोन उचलून चार नावं सांगितली. संध्याकाळी गस्तीच्या बोटीने जयलक्ष्मी दोन ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं. सहाही खलाशी चालत धक्क्यावर उतरले. एकाने मला पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणून दिला.

काकांनी कंपनीला काही कळवलं नाही. आठवडाभर मला शेजारी बसवून बिल्ले लावायला लावले. "एका हातात एकच बिल्ला. दोन घेतलेस तर चहा बंद."

मग मी आतल्या सगळ्या खिडक्या काढून टाकल्या. डावीकडे बोटींची यादी, उजवीकडे निवडलेली एकच बोट, नाव ठळक. बटणावरसुद्धा बोटीचं नाव.

सरांनी नाक मुरडलं. "एवढंच? पोरखेळ वाटतोय. कामाला वजन हवं!" वजन म्हणजे गोंधळ, हे त्यांना अजूनही उमगलेलं नाही. त्यांच्या नव्या प्रोग्रॅममध्ये वीस खिडक्या आहेत म्हणे.

गेल्या वर्षी काका अंजनवेलला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या खुर्चीवर आता नोंदवह्यांचे गठ्ठे असतात. कामाशिवाय ते फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप तांडेलकाका, शिरसाष्टांग नमस्कार.

कुणाची सोय, असं तुम्ही विचारलं होतंत. मी उत्तर दिलं नव्हतं. सोय कुणाचीच नव्हती. मला किती येतं, हे मला दाखवायचं होतं.

काल पुन्हा वारा सुटला, तेव्हा मी सोसायटीतच होतो. सगळ्या बोटी आल्या. सोसायटी खिळे काढणार होती, मी काढू दिले नाहीत. आधी भिंत पाहिली, मग पडदा.

तुमचा,
इंजिनेर"