मनगटातले छत

सुखदेवभाऊ गजभिये प्रथम माझ्या घरी आले, तेव्हा बसण्यापूर्वी त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या भिंतीवर टकटक केले. मग खुर्चीच्या पाठीवर केले. मी काही विचारण्याच्या आत ते म्हणाले, "भित पोकळ आहे जी गुरुजी. खिळा ठोकू नोका." चिखल्याच्या खाण-वसाहतीतील शाळेत मी नुकताच विज्ञान शिकवायला रुजू झालो होतो आणि ते माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत.

ही सवय त्यांच्या कामातून आली होती. मँगनीजच्या भूमिगत खाणीत सुरुंग उडाल्यावर, माणसे आत जाण्यापूर्वी, वरचे छत तपासावे लागते. एका हातातील सबलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, दगडावर ठोकायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच दगडावर टेकवून ठेवायची. दगड पक्का असला तर आवाज खणखणीत येतो. सुटा असला तर आवाज बद्द येतो आणि बोटांखाली बारीक थरथर जाणवते. पंख्यांच्या आणि पंपांच्या गलक्यात कान फसू शकतो, म्हणून अखेरचा निर्णय बोटांचा. सुखदेवभाऊंनी "सुटा आहे" म्हटले, की तो दगड पाडल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकत नसे.

मात्र खाणीतून वर आल्यावरही हा संशय त्यांच्या अंगातून उतरत नसे. टरबूज, मडके, दुकानातला पाट, सारे काही ते ठोकून घेत. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "मले पाह्याले आले होते, तवाच माहं डोकं ठोकून पाह्याचं होतं!"

"तवा लाजलो ना वं," भाऊ शांतपणे म्हणाले.

अशा या माणसाच्या हातून चहाचे कप पडू लागले. त्यांनी आधी कपावर संशय घेतला, मग भांड्यांच्या साबणावर. शेवटी एका रविवारी त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "गुरुजी, हात मरून राहिला. अंगठा अन् बाजूची दोन बोटं. झोपेत मुंग्या येतेत, सकाळी झटकल्याबिगर उठत नाई." खाणीत त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. "दगडावर डावा हात ठेवून भागवून राहिलो. पण डाव्यावर माहा भरोसा नाई."

मी त्यांना भंडाऱ्याला नेले. बसमध्ये त्यांची शंका सुरू झाली. "जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. चांगले डाक्टर गोंदियाले गेले असतीन. आपल्या वाट्याले उरलेले."

हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. बाईंनी त्यांचा तळहात उताणा केला आणि मनगटाच्या मधोमध आपल्या बोटाने टकटक केले. भाऊ दचकले. "करंट गेला! बोटापर्यंत गेला!" मग जरा पुढे सरकून म्हणाले, "आनखी एकदा ठोका जी." तेवढ्या एका गोष्टीने बाईंनी त्यांना जिंकले. "हातावर पयल्यांदा कोनी ठोकून पाह्यलं," असे ते मला परतीच्या वाटेवर सांगत होते.

बाईंनी समजावले तेही नेमके. मनगटात हाडांचा एक लहानसा बोगदा असतो. त्यावर एक जाड पट्टा छतासारखा ताणलेला असतो आणि खालून बोटांकडे जाणारी नस जाते. तारुण्यात वर्षानुवर्षे थरथरते ड्रिल मशीन धरल्याने आतली जागा कमी झाली होती आणि नस दबली होती. छत कापले, की नस मोकळी होते. खाणकामगाराला कळेल अशी उपमा म्हणून मला ती फार आवडली.

शस्त्रक्रिया केवळ हात बधिर करून झाली आणि उत्तम झाली. पहिल्या दिवसापासून बोटे हलवत राहा, असे बाईंनी बजावले. भाऊंनी मान डोलावली.

टाके निघाल्यानंतर मात्र ते मला टाळू लागले. उजव्या हातावर सदा गमछा गुंडाळलेला असे. अखेर कौसल्याबाईंनीच माझ्यासमोर तो ओढून काढला. तळहातापासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्या सुतळीने करकचून बांधल्या होत्या. बोटे लाकडासारखी ताठ झाली होती.

"हे काय, भाऊ?"

"टेकू."

"टेकू कशाला?"

"काहून म्हंजे? छत कापलं ना जी बाईनं! तुमच्यासमोरच सांगितलं. छत कापलं अन् टेकू नाई देला. वरून म्हनते, बोटं हालवा! मोकळ्या छताखाली कोनी हालचाल करते का?"

मी पाटीवर आकृती काढली. शरीर म्हणजे दगड नव्हे. कापलेला पट्टा जरा सैल होऊन आपोआप भरून येतो, कोसळत नाही. उलट न हलवलेले बोट आखडते. त्यांनी आकृती संशयाने पाहिली. मग मी त्यांना पुन्हा भंडाऱ्याला नेले; डॉक्टरबाईंनी मात्र त्यांना चांगलेच झापले. त्यानंतर कोमट पाण्यात मूठ उघडझाप करणे सुरू झाले, आणि कौसल्याबाईंनी कणीक मळायला दिली.

"हा डाव आहे हिचा," भाऊ कुरकुरले.

"हात तुमचा, पोळ्या माह्या. कोनाचं काय गेलं?" त्या म्हणाल्या.

काही महिन्यांत मूठ पूर्ण मिटू लागली, मुंग्या थांबल्या. भंडाऱ्याच्या बाईंनी आणि खाणीच्या डॉक्टरांनीही हात कामास योग्य ठरवला. छताखालचे काम त्यांना परत मिळणार होते. साऱ्या वसाहतीला आनंद झाला. भाऊंना झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात दोन मडकी मांडली, एक धड, एक तडा गेलेले. कानांत कापूस घातला, डोळे मिटले आणि पत्नीला ठोकायला सांगितले. उजव्या हाताच्या बोटांनी ते धड कोणते, फुटके कोणते, हे सांगत होते. बहुतेक वेळा बरोबर आले. अधूनमधून चुकले.

"बहुतेक त बरोबरच सांगितलं ना!" कौसल्याबाई म्हणाल्या.

भाऊंनी कापूस काढला. "खाली बहुतेक नाई चालत वं."

मी म्हणालो, दोन-दोन डॉक्टरांनी तपासले आहे. भाऊ म्हणाले, "बाई खोटी नाई बोलली, गुरुजी. भात कालवता येते, बटन लावता येते. हात बराच झाला. पन छताखाली मी 'पक्का आहे' म्हनन, अन् मानसं त्या भरोशावर आत जातीन."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः होऊन वरचे काम मागून घेतले. खाणीच्या तोंडाशी, पाळीवर जाणाऱ्यांना टोपीचे दिवे द्यायचे आणि परत घ्यायचे; दिवा परत आला नाही, म्हणजे माणूस अजून खाली. निवृत्तीपर्यंत त्यांनी तेच केले. पाळी सुटली तरी ते घरी येत नसत. कौसल्याबाई जेवायला बोलवायला जात. भाऊ खाणीच्या तोंडाकडे पाहत म्हणत, "थांब वं. एक मानूस अजून वर यायचा आहे."